गुरुवारी वाढणारे किलोमीटर

६ जानेवारी

प्रिय वन्सं,

पाकीट पाहून घाबरू नकोस. घरातली माणसं धडधाकट आहेत. गाडीबद्दल तसं छातीठोकपणे म्हणवत नाही, आणि हे पत्र तिच्याचसाठी आहे. फोन केला असता, पण फोनवर तुझ्या मागे कोणीतरी सतत लोखंडावर लोखंड आपटत असतं आणि माझ्या मागे तुझे बंधुराज उभे असतात. वसतिगृहातल्या एका खोलीत राहून आपण एकमेकींना चिठ्ठ्या लिहायचो, तेवढं खाजगीपण या वयात पत्रातच उरलंय. त्याच खोलीत तू एकदा म्हणाली होतीस, "माझ्या दादाला एकदा भेटून तर बघ." त्याची भरपाई म्हणून आता फुकट सल्ला दे.

तुला कळलंच असेल की आमच्या कॉलेजातला संस्कृत विभाग डिसेंबरात बंद झाला. शेवटच्या वर्गात तीन विद्यार्थी होते, त्यांतला एक खोली चुकून आलेला. मी घरी बसले. आठ दिवसांत मी मसाल्याचे डबे अकारविल्हे लावले आणि तुझ्या भावाने ते पुन्हा वजनाप्रमाणे लावले. आणि मग परवा एक पत्र आलं. शेजारच्या शहरातल्या ग्रंथसंग्रहात सातशे हस्तलिखितं न वाचता पडून आहेत. त्यांची सूची करायला माणूस हवाय, तीन वर्षांसाठी. वन्सं, सातशे! मी ते पत्र स्वयंपाकघरात तीनदा वाचलं आणि दूध उतू गेलं. होकार अठ्ठावीस फेब्रुवारीपर्यंत कळवायचा आहे.

अडचण अशी की ते शहर अडुसष्ट किलोमीटरवर आहे आणि तिथे जाणारी एकुलती एक बस पोहोचते पावणेबाराला, परत निघते दोनला. म्हणजे हस्तलिखिताचं कापड सोडून पुन्हा बांधण्यापुरता वेळ. तेव्हा जायचं तर गाडीने, हायवेवरून.

तुझे बंधुराज म्हणतात, गाडी वर्षभरात खलास होईल. त्यांचा सिद्धांत असा, की प्रत्येक गाडीच्या पोटात मोजके किलोमीटर घातलेले असतात, माणसाच्या छातीत मोजके श्वास असतात तसे. ते पुरवून पुरवून वापरायचे. सत्तावीस वर्षं वजनमापे निरीक्षक म्हणून काढलेला माणूस. जे मोजता येतं ते संपतं, हे त्यांच्या हाडांत मुरलंय. म्हणून नऊ वर्षांत आमची गाडी अकरा हजार दोनशे चाळीस किलोमीटर चाललीय. रोज सकाळी साडेसहाला ते तिचं कव्हर काढतात, तिला जागच्या जागी पाच मिनिटं सुरू ठेवतात, बंद करतात, कव्हर घालतात. ते याला व्यायाम म्हणतात. मी प्राणायाम म्हणते, कारण हालचाल शून्य आणि धूर फार.

मला गाडी येते, हे तुला ठाऊक आहे. मात्र मी बाजारापलीकडे कधी गेलेले नाही, आणि तेवढ्यातही शेजारी बसून तुझा भाऊ नसलेला ब्रेक दाबत असतो.

तर खरं सांग. रोज एकशे छत्तीस किलोमीटर, आठवड्यातून पाच दिवस. गाडी मरेल का? होय असेल तर तसं लिही. मी रुसणार नाही, फक्त सहा महिने बोलणार नाही.

तुझी,
वहिनी


११ जानेवारी

वहिनीसाहेब,

दादा नऊ वर्षं गाडी जपतोय, असं तुला वाटतंय ना? तो तिला मारतोय. प्रेमाने, पण मारतोय.

तुला समजेल असं सांगते. इंजिनात इंधन जळतं तेव्हा थोडं पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. इंजिन नीट तापलं की ती वाफ निघून जाते. पण तापायला पंधरा-वीस मिनिटं सलग चालावं लागतं. दादा पाच मिनिटांत बंद करतो. मग ते पाणी जातं कुठे? ऑइलमध्ये. सायलेन्सरमध्ये. तिथेच बसून राहतं आणि आतून गंज चढवतं. बॅटरीचंही तेच. सुरू करताना जेवढी शक्ती जाते तेवढी पाच मिनिटांत परत भरतच नाही.

आता हायवे. वरचा गियर, एकसारखा वेग, ना क्लच ना ब्रेक. इंजिनाला यासारखं सुख नाही. माझ्याकडे दोन गाड्या येतात, एकाच वयाच्या. एक फिरत्या विक्रेत्याची, दोन लाख किलोमीटर, सगळे हायवेवरचे. दुसरी एका बाईंची, वीस हजार, सगळे गल्लीतले. इंजिन उघडलं की विक्रेत्याची गाडी वयाने लहान वाटते. बाईंच्या गाडीचा क्लच मी दोनदा बदललाय.

पण उड्या मारू नकोस. हायवे दुखणं आणत नाही, असलेलं दुखणं उघडं पाडतो. जुने टायर, कमी पडलेलं कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी), ढिलं चाक, गल्लीत सगळं खपून जातं. ऐंशीच्या वेगाला काही खपत नाही. म्हणून आधी तपासणी.

उद्या दादा अंघोळीला गेला की बॉनेट उघड. इंजिनावर ऑइल घालायचं झाकण असतं, त्यावर तेलाच्या बुधल्याचं चित्र असेल. ते फिरवून काढ आणि आतली बाजू बघ. काय दिसतं ते लिही. आणि ऑइल शेवटचं कधी बदललं ते विचार. सहज विचारल्यासारखं विचार, शास्त्रार्थ करायला बसू नकोस.

तुझी वन्सं (पन्नाशीत मला या नावाने हाक मारणारी तू एकटीच)


१७ जानेवारी

प्रिय वन्सं,

झाकण काढलं. आत लोणी आहे.

थट्टा नाही. पिवळट पांढरं, मऊ, बोटावर घेतलं तर राहतं. क्षणभर मला वाटलं मीच कुठला तरी डबा चुकून उघडला. वास मात्र गॅरेजचा होता, म्हणजे तुझा.

ऑइलबद्दल सहज विचारलं. उत्तर आलं, "एकदा बदललंय. पुस्तकात दहा हजार किलोमीटरला लिहिलंय, ते झाले तेव्हा बदललं." मी ते पुस्तक काढून पाहिलं. तिथे लिहिलंय, दहा हजार किलोमीटर अथवा एक वर्ष, यांपैकी जे आधी होईल ते. तुझ्या भावाने पहिलं माप स्वीकारलं आणि दुसरं अप्रमाणित ठरवून सोडून दिलं. एका वस्तूला दोन मापं लावणाऱ्या दुकानदारांना त्यांनी आयुष्यभर दंड केला. वाहननिर्मात्याला करता आला नाही, म्हणून त्याच्या निम्म्या वाक्यावर बहिष्कार घातला.

आता दुसरी गोष्ट, आणि ही तू पोटात ठेवायची. स्वारी दर गुरुवारी दहा ते चार निवृत्त दंतवैद्यांकडे बुद्धिबळ खेळायला जाते. काल गुरुवार होता. सव्वादहाला मी कव्हर काढलं, त्याची घडी घातली (त्यांच्या घडीसारखी, चार पदरी), आणि निघाले.

वन्सं, मी हायवेवर गेले!

सतरा किलोमीटर गेले आणि सतरा आले. शहराचा शेवटचा सिग्नल मागे पडला आणि रस्ता असा समोर पसरला की मी उगाचच "अरे!" म्हणाले. गाडीत कोणी नव्हतं. नसलेला ब्रेकही कोणी दाबत नव्हतं. मी चौथ्या गियरमधून पाचव्यात गेले. नऊ वर्षांत पाचवा गियर वापरलाच नव्हता. तो घालताना मला वाटलं होतं गंजला असेल, पण तो असा अलगद बसला, जणू कोणी कधी बोलावतंय याचीच वाट पाहत होता. एका दुधाच्या टँकरने मला मागे टाकलं. मागून एका टेम्पोने भोंगा वाजवला. तो मला उद्देशून होता, हे कळूनही मी प्रसन्न राहिले.

आणि ऐंशीला पोहोचले तेव्हा स्टिअरिंग थरथरायला लागलं. बारीक, सगळ्या अंगभर. मी म्हटलं, हिलाही हर्ष झालाय. सत्तरवर आल्यावर तिचा हर्ष ओसरला. माझा नाही.

पावणेबाराला घरी. कव्हर घातलं. चारला स्वारी आली, विचारलं, "काय केलंस दिवसभर?" मी म्हटलं, "वाचन." खोटं नाही, रस्त्याकडेच्या सगळ्या पाट्या वाचल्या.

ते लोणी म्हणजे काय, ते लवकर कळव. जीव टांगणीला लागलाय.

तुझी,
(पाचव्या गियरमधली) वहिनी


२१ जानेवारी

वहिनी,

हर्ष नव्हे, व्हील बॅलन्सिंग. चाकाचं वजन सगळीकडे सारखं नसलं की ठरावीक वेगाला थरथर सुरू होते. एका निरीक्षकाच्या गाडीची चारही चाकं वजनात खोटी निघावीत, हे मी दादाच्या तोंडावर सांगायला मरते आहे. पण पोटात ठेवायचं म्हणालीस, ठेवलं.

आता लोण्याचं. त्याचे दोन अर्थ होतात आणि तू हसण्याआधी दोन्ही वाच.

एक, बरा. पाच मिनिटांच्या प्राणायामाचं पाणी ऑइलमध्ये फेसाळलंय. दोन, वाईट. इंजिनाच्या आत पाणी आणि ऑइल वेगळं ठेवणारी पट्टी, गॅस्केट, फुटून कूलंट ऑइलमध्ये उतरतंय. पहिलं असेल तर हायवे हेच औषध. दुसरं असेल तर ती गाडी घेऊन रोज एकशे छत्तीस किलोमीटर जायचं नाव काढू नकोस. आणि मी तुला बरं वाटावं म्हणून खोटं लिहिणार नाही, हे तुला माहीत आहे.

कसं ओळखायचं? गुरुवारी आधी कुठल्याही गॅरेजात जा, ऑइल आणि फिल्टर बदल, बॅलन्सिंग करून घे. झाकण कापडाने स्वच्छ पूस. कूलंटच्या डबीवर पेनाने पातळीची रेघ मार. मग त्याच्या पुढच्या गुरुवारी तास-दीड तास सलग हायवे. इंजिन थंड झाल्यावर झाकण पुन्हा बघ. झाकण कोरडं आणि रेघ जागेवर, तर जिंकलीस. लोणी परत आलं आणि रेघ खाली गेली, तर मला पत्र नको, फोन कर.

आणि टायरच्या अंगावर चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ते वाच. नऊ वर्षांपूर्वीचे निघाले तर नक्षी कितीही नवी दिसो, सत्तरच्या वर जायचं नाही. रबर म्हातारं होतं, चालो न चालो. हवा सकाळी, टायर थंड असताना भर.

तुझी वन्सं


१ फेब्रुवारी

प्रिय छकुली,

विषय: गाडीच्या किलोमीटर-मापकात दोष असल्याबाबत.

आमच्या गाडीचा आकडा मी रोज सकाळी वहीत उतरवतो, हे तुला माहीत आहे. अलीकडे पुढील निरीक्षणे आली आहेत. गुरुवार दि. १६, वाढ ३४. गुरुवार दि. २३, वाढ ५२. गुरुवार दि. ३०, वाढ ९८. इतर दिवशी वाढ शून्य किंवा बाजारापुरती. मी गुरुवारी बुद्धिबळास जातो तेव्हा गाडी कव्हरात असते, परततो तेव्हाही कव्हरात असते. म्हणजे ती उभ्या जागी पळते. असा दोष मी सत्तावीस वर्षांत कोणत्याही मापात पाहिला नाही. काटा चुकतो तो रोज चुकतो. वार बघून चुकत नाही.

आणखी दोन निरीक्षणे. गाडी पूर्वी तिसऱ्या किल्लीला सुरू होई, हल्ली पहिल्या किल्लीला होते. मापकाच्या दोषाचा इंजिनावर असा सुपरिणाम होऊ शकतो काय?

शेवटचे निरीक्षण विषयाशी संबंधित नाही. तुझी वहिनी गुरुवारी संध्याकाळी गाते. कॉलेज बंद झाल्यापासून तिने गाणे सोडले होते.

याबाबत वहिनीस काही कळवू नये. तुझे तांत्रिक मत हवे.

तुझा,
दादा


५ फेब्रुवारी

दादा,

मापक बरोबर आहे. हे माझं तांत्रिक मत.

सत्तावीस वर्षं तू दुकानदारांना सांगत आलास, की काटा नावडतं वजन दाखवायला लागला म्हणून काटा खोटा होत नाही. तेच तुला परत करते.

खोटे निघालेत ते टायर. नऊ वर्षांचे असणार. सकाळचं इंजिन जागच्या जागी सुरू ठेवणंही बंद कर, त्याने गाडी मरते. हायवेने मरत नाही. हायवेला फक्त धड गाडी लागते आणि धड चालवणारा.

एक विचारू? तुझी सख्खी बहीण गॅरेज चालवते. नऊ वर्षांत तू मला टायरच्या हवेपासून वायपरच्या रबरापर्यंत सगळं विचारलंस. "हायवेवर गाडीचं काय होतं", हे एकदाही विचारलं नाहीस. का रे? उत्तर ठाऊक होतं म्हणून? तुला भीती नक्की गाडीची आहे का?

तुझी छकुली
(ग्रीसचे डाग पडलेत, त्यांच्याकडे कानाडोळा कर)


७ फेब्रुवारी

वन्सं, वन्सं, वन्सं,

कोरडं! खडखडीत कोरडं!

क्रमाने सांगते, नाहीतर तू ओरडशील. तेवीसला ऑइल बदललं. जुनं ऑइल खाली आलं तेव्हा तो मेकॅनिक माझ्याकडे आदराने पाहत म्हणाला, "बाई, हे ऑइल आहे की चहा?" बॅलन्सिंग झालं. टायरवरचा शिलालेख वाचला. अक्षर सुवाच्य, काल नऊ वर्षांपूर्वीचा, म्हणून वेग सत्तरच्या आत. तीसला दीड तास चालवली. त्या दिवशी झाकण बघायचा धीरच झाला नाही. सातशे हस्तलिखितं एका झाकणाच्या आत बसली आहेत, असं वाटत होतं. शेवटी शुक्रवारी सकाळी, स्वारी अंघोळीला गेल्यावर, डोळे मिटून झाकण काढलं. मग एक डोळा उघडला. मग दुसरा. धातू! नुसता स्वच्छ, काळसर, तेलकट धातू! आणि कूलंट रेघेला चिकटून, केसभरही हललेलं नाही.

मी त्या झाकणाचा मुका घेणार होते. बुधल्याचं चित्र आडवं आलं.

तुला लगेच कळवलं नाही, कारण आधी एक करायचं होतं. काल मी शेवटपर्यंत गेले. अडुसष्ट किलोमीटर जाऊन ग्रंथसंग्रहाच्या दारात गाडी लावली, आत गेले, पाणी मागितलं आणि परत आले. तिथल्या ग्रंथपालांनी विचारलं, "काय काम होतं?" मी म्हटलं, "काम अठ्ठावीस तारखेनंतर." ते गोंधळले. पण त्यांनी मला एक पोथी दाखवली. वाळवीने तिच्या समासात इतकी सुबक नक्षी केलीय की लेखकाने हेवा करावा.

इंजिनाच्या तापमानाचा काटा सगळा वेळ मधोमध होता. इंजिनाचा आवाज असा, की जणू कोणी धडा न अडखळता म्हणतंय. आणि वन्सं, मला भीती वाटली नाही. पहिल्या गुरुवारी वाटली होती, ती तुला लिहिली नव्हती. तळहात इतके ओले होते की स्टिअरिंग निसटत होतं. काल कोरडे होते. झाकणासारखेच.

आता एवढंच राहिलंय की तुझ्या भावाला सांगायचं. रविवारी सांगते.

तुझी,
वहिनी


१९ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

सांगितलं नाही. त्या रविवारी ते इतके गोड वागत होते की जीभ उचलेना. परवाच्या रविवारी ते माझ्याकडे इतकं टक लावून पाहत होते, की उचललेली जीभ परत ठेवली. आणि आता उशीर झालाय.

ते गाडी विकताहेत.

सोमवारी चारही टायर नवे घालून आणले. मी विचारलं, "हे काय?" तर म्हणे, "जुने शोभत नव्हते." काल गाडी आतून बाहेरून धुतली, फोटो काढले. सकाळचा प्राणायाम दहा दिवसांपूर्वीच बंद झालाय. परक्याच्या होणाऱ्या गाडीला कोण व्यायाम देतो? आणि आज त्यांच्या टेबलावर कागद दिसला. वर ठळक अक्षरात मालकी हस्तांतराचा अर्ज. त्यावर त्यांचं ते जुनं पितळी किलोचं वजन ठेवलेलं. खालचं वाचणार, तेवढ्यात अंघोळीच्या खोलीची कडी वाजली.

त्यांना सगळं कळलंय, दुसरं काय. भांडले असते तर बरं होतं. त्याऐवजी मुद्देमालच जप्त.

ग्रंथसंग्रहाला नकाराचं पत्र लिहून ठेवलंय. चार वेळा लिहिलं. चौथं चांगलं उतरलंय, व्याकरण निर्दोष आहे. उद्या गुरुवार. मी कुठेही जाणार नाही. शुक्रवारी पत्र टाकीन, किंवा सोमवारी. तोवर तरी ते माझ्याकडे राहू दे.

तुझी,
वहिनी


१९ फेब्रुवारी

प्रिय छकुली,

संदर्भ: तुझे पत्र दि. ५.

टायर बदलले. सकाळी इंजिन सुरू ठेवणे बंद केले. भीतीच्या प्रश्नाचे उत्तर देण्यास चौदा दिवस लागले, त्याबद्दल क्षमस्व.

नोकरीत मी चार वर्षे हायवेवरच्या वजनकाट्यावर होतो. ट्रक यायचे, मी वजन घ्यायचो. काही ट्रक गेले ते परत आलेच नाहीत, काही दोरीने ओढून आणले. त्यांचेही वजन मीच घ्यायचो. लोखंडाचे वजन किलोपर्यंत बरोबर यायचे. तेव्हापासून "तुला रस्त्यात काही झाले तर" हे वाक्य माझ्या तोंडून निघत नाही. त्याऐवजी "गाडीला काही झाले तर" असे निघते. नऊ वर्षे ते चालून गेले, कारण तिने कधी लांब जायचे म्हटले नाही.

गुरुवार दि. १३ रोजी मी बुद्धिबळास गेलो नाही. हायवेला लागण्याआधीच्या वळणावर चहाची टपरी आहे, तिथे पेपर तोंडासमोर धरून बसलो. दहा पंचविसास ती आली. वळण्याआधी दिवा दिला. आरशात पाहिले. एका ट्रॅक्टरला जागा दिली, मग उजवीकडून पुढे गेली. पुढे गेल्यावर पुन्हा आरसा पाहिला. वेग, अंदाजे, बासष्ट. मी चार वर्षांत हजारो चालक पाहिले. इतके नीट चालवणारे दहा-बारा असतील. मी स्वतः त्यांत नाही.

तिचे तोंड दिसले. ती हसत होती. एकटीच.

परतताना पुन्हा दिसेपर्यंत मी पाच चहा घेतले.

तर गाडी तिच्या नावावर करीत आहे. रोज जी वस्तू वापरायची ती स्वतःच्या नावावर असावी. अर्ज तयार आहे, तिची सही तेवढी राहिली आहे. ती मागायची कशी, हे सुचत नाही. म्हणून तो टेबलावर तिला दिसेल असा ठेवला आहे. तू तिला काही कळवू नये.

तुझा,
दादा


२२ फेब्रुवारी

वहिनी,

दोघांनी मला एकमेकांपासून गुप्तता पाळायला सांगितलंय आणि माझं गॅरेज आता खलबतखाना झालंय. शब्द दिलाय, म्हणून काही सांगत नाही. फक्त हे विचारते: दादाने निम्मं वाक्य वाचलं म्हणून तू पानभर हसलीस. आणि सातशे हस्तलिखितं वाचायला निघालेली तू, एका कागदाचं निम्मं पान वाचून नकार लिहितेस?

वजन उचल. खालचं वाच.

टाकलं असशील ते पत्र, तर पोस्टमनला गाठून परत घे.

वन्सं


२५ फेब्रुवारी

वन्सं,

टाकलं नव्हतं.

तुझं पत्र काल दुपारी आलं. स्वारी समोर पेपर वाचत बसली होती. मी सरळ टेबलाशी गेले आणि ते पितळी वजन उचललं. देणाऱ्याचं नाव तुझ्या भावाचं. घेणाऱ्याचं नाव माझं. संपूर्ण नाव, माहेरच्या आडनावासकट, जे मीसुद्धा आता लिहीत नाही.

मी म्हटलं, "हे काय आहे?"

"अर्ज."

"ते दिसतंय."

"सही राहिलीय." पेपर हलला नाही.

"अहो, गुरुवारी मी..."

"चारशे छप्पन्न," पेपरामागून आवाज आला.

"काय चारशे छप्पन्न?"

"किलोमीटर. मागच्या गुरुवारी शून्य. का गेली नाहीस? मी टपरीवर उगाच तीन चहा घेतले."

मग मी तो पेपर ओढून घेतला. तो उलटा धरलेला होता, वन्सं. डोळे भरलेला माणूस पेपर कसाही धरतो. मी हसायला लागले. ते म्हणाले, "हसू नकोस, पितळी वजन पायावर पडेल." ते माझ्या हातातच होतं. पुढचं काय ते तुझ्या भावाच्या वहीत नाही, म्हणून मीही लिहीत नाही.

सही केली. होकाराचं पत्र एका बैठकीत लिहिलं. त्यात दोन चुका राहिल्या, तसंच टाकलं.

तुझी,
मालकीणबाई


४ मार्च

प्रिय छकुली,

विषय: गाडी जागेवर नसल्याबाबत.

काल सोमवारी तुझी वहिनी कामावर रुजू झाली. टायरमधली हवा मी सकाळी सहाला, थंड असताना, मोजून दिली. कूलंट रेघेवर. काचा पुसल्या. तिने मला दोनदा "व्हा बाजूला" म्हटले, तेव्हा झालो. आठ वाजून पाच मिनिटांनी ती निघाली. फाटकातून वळताना दिवा दिला, रस्त्यावर कोणी नसताना.

त्यानंतर मला करण्यासारखे काही उरले नाही. कव्हराची घडी घातली. ती उलगडून पुन्हा घातली. साडेनऊला तिचा फोन आला: "पोहोचले, काटा मधोमध." मी विचारले, "तुझा?" ती म्हणाली, "माझा थोडा वर आहे." आणि फोन ठेवून ती पोथ्यांकडे गेली.

अकराला दंतवैद्य डाव मांडायला आले. रिकाम्या जागेकडे पाहून म्हणाले, "काय हो निरीक्षक, गाडी विकलीत की काय?"

मी म्हटले, "नाही. कामावर गेली आहे."

"आणि वहिनी?"

मी म्हटले, "दोघी."

तुझा,
दादा